तोन्काच्या फाटकाशी सात जण

न्यूझीलंडहून परतल्यापासून निफाडात भेटेल तो मला एकच विचारतो, "बर्फाचे डोंगर पाहिले का?" नाही पाहिले! दक्षिणेकडच्या बेटावर मी पाऊलसुद्धा टाकलं नाही. मेंढ्या पाहिल्या, त्याही गाडीच्या काचेतून. पण जे पाहून आले ते सांगायला बसले की माझं मलाच थांबता येत नाही. परवा जेवताना आमच्या यांनी शेवटी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, ते एकदाचं लिहून काढ, म्हणजे आम्हाला भाजी तरी मागता येईल." म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला माहीतच आहे, आमची द्राक्षबाग. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मधे औषधं, डाऊनीची बुरशी, पाऊस आणि देवाचा धावा. वर्षात जरा मान वर करायला मिळते ती जुलैत. त्या उसंतीत मी लेकीकडे निघाले. मुग्धा ऑकलंडच्या पश्चिमेला न्यू लिनमध्ये राहते. ती संगणकावर काम करते, जावई निखिल रस्ते-पुलांचा इंजिनिअर आहे आणि सात वर्षांची इरा ही माझी नात. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी मराठीत ओरडायचं आणि तिने इंग्रजीत पळायचं, असं आमचं छान चालायचं.

जाण्याआधी महिनाभर निखिलचा फोन आला होता. "आई, आम्ही तीन फॅमिली मिळून इथे द्राक्षबाग करायला घेतोय! छाटणी तुम्हीच शिकवायची." मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या पोरीने बारावीनंतर बागेत पाय ठेवला नाही, ती सातासमुद्रापार जाऊन बाग करणार! मी मुग्धाला विचारलं, "खरंच का गं?" ती म्हणाली, "हो गं आई." मला तेवढं पुरलं. मी माझी छाटणीची कात्री बॅगेत टाकली.

त्या कात्रीने पहिल्याच दिवशी इंगा दाखवला. ऑकलंडच्या विमानतळावर मातीचा कण जरी दिसला तरी ते लोक विंचू दिसल्यासारखे दचकतात. कात्रीच्या स्प्रिंगमध्ये निफाडची काळी माती वाळून बसली होती. एका धिप्पाड माओरी अधिकाऱ्याने ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली, आत नेली आणि चकचकीत करून परत आणून दिली. "किया ओरा," म्हणाला, म्हणजे नमस्कार. इतकी स्वच्छ ती कात्री विकत घेतली तेव्हाही नव्हती!

टाकानिनी

दुसऱ्याच रविवारी आमची बैठक भरली, ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत, मिलिंद आणि संघमित्राकडे. तिथे जिकडे पाहावं तिकडे नवी कोरी घरं, सगळी सारखी. निखिलने दोनदा भलत्याच घरासमोर गाडी लावली आणि दोन्हीदा आतून पंजाबी माणूस बाहेर आला. मिलिंदचं घर आम्ही शेवटी वासावरून ओळखलं. संघमित्रा नागपूरची. तिने असा रस्सा केला होता की कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत ठसका जात असेल. डेअरी म्हणजे तिकडे किराणा दुकान, दुधाचा काही संबंध नाही.

मिलिंद फिजिओथेरपिस्ट आहे, सगळं प्रकरण त्याच्यापासूनच सुरू झालं होतं. त्याच्याकडे खांद्याच्या उपचाराला एक म्हातारी येते, तोन्का नावाची. वय ऐंशीच्या पुढे. मूळची डाल्मेशियाची, म्हणजे आजच्या क्रोएशियातली, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातली. ऑकलंडच्या पश्चिमेला तिच्या मुलखातल्या लोकांनीच फार पूर्वी द्राक्षं रुजवली म्हणे. तिच्या घरामागे उतारावर जुन्या वेलींची छोटी बाग आहे. नवरा गेला, मुलं ऑस्ट्रेलियात, खांदा कामातून गेलेला. मुलं म्हणतात, वेली उपटून जागा घरबांधणीवाल्याला दे. महिनाअखेरीला उपटणारं यंत्र यायचंसुद्धा ठरलं होतं. पण ती मिलिंदला म्हणाली होती, "हात मिळाले, तर मी त्या उभ्या ठेवीन."

हात होते ना! पुण्याच्या ओंकार-अश्विनीने लॅपटॉपवर आराखडाच काढून आणला होता.

"काकू, कन्सेप्ट सिम्पल आहे," ओंकार म्हणाला. "कुणाची वेगळी ओळ नाही, कुणाचा वेगळा हिस्सा नाही. सगळ्यांनी राबायचं, सगळ्यांनी वाटून घ्यायचं. फुल कलेक्टिव्ह!"

"आणि सहकार काकूंच्या रक्तातच आहे," मिलिंद म्हणाला. "काकू अध्यक्ष!"

मी हुरळले, यात नवल ते काय? आमची द्राक्ष बागायतदारांची सोसायटी कशी उभी राहिली, एकेकट्याला व्यापारी कसा नाडत होता आणि एकत्र आल्यावर आमचे कंटेनर थेट परदेशी कसे जायला लागले, हे मी अर्धा तास सांगितलं. पोरं तोंडाचा आ करून ऐकत होती. मग प्रश्न निघाला, म्हातारीशी बोलायचं कुणी?

"मी मेसेज टाकतो," मिलिंद म्हणाला.

"मेसेज?" मला राहवेना. "अरे, दुसऱ्याची बाग मागायची आणि मेसेज? बोलणी करायला चार माणसं घेऊन जावं लागतं. त्यात समोरच्याचा मान असतो. सगळ्यांनी जायचं, नारळ घेऊन."

"आई, इथे असं न सांगता कुणी कुणाकडे जात नाही," मुग्धा म्हणाली.

"म्हणून तर त्यांना अप्रूप वाटेल," मी तिला गप्प केलं. ठराव टाकला. सगळ्यांचे हात वर झाले. मुग्धाचाही झाला.

टौरंगा

मधल्या शनिवारी निखिल मला टौरंग्याला घेऊन गेला. किवी फळाचा तो जिल्हाच म्हणा ना. गावात गाड्याच गाड्या आणि बंदरावर डब्यांसारखे रचलेले कंटेनर. गावाबाहेर पडलो आणि मी किंचाळलेच, "अरे, मांडव!" मैलोन् मैल मांडव! द्राक्षासारखाच वेल, तारांवर चढवलेला, खाली माणूस ताठ उभा राहील इतकी उंची. उंच हिरव्या कुंपणांआड प्रत्येक बाग अशी जपलेली की वाऱ्यालाही विचारून आत जावं लागावं.

एका बागेत निखिलच्या ओळखीने शिरलो. शिरण्याआधी बुटांच्या तळव्यांवर औषधाचा फवारा. मी चपला घालून गेले होते, तिकडच्या भाषेत जँडल्स. त्यामुळे फवारा थेट पायांवर आला आणि थंडीने माझे दात वाजायला लागले. तिथला मुकादम जालंधरचा निघाला. "आंटीजी, ठंड में जँडल्स?" असं म्हणून त्याने मला आपले जादाचे गमबूट दिले. ते मला गुडघ्याच्याही वर येत होते. तशी बदकासारखी चालत मी अख्खी बाग पाहिली. छाटलेल्या काड्या तारेला बांधायचं काम चाललं होतं. मी दहाएक काड्या बांधून दिल्या. मुकादम म्हणाला, "आंटीजी, कल से आ जाओ." निखिल हसून हसून दमला. इतका आनंद मला लेकीच्या लग्नातही झाला नसेल. त्या दिवशी तर मी नुसती रडतच होते.

येताना मी निखिलला म्हटलं, "आपली बागही अशीच करू." तो जरा थांबून म्हणाला, "मुग्धा आली असती तर बरं झालं असतं." तिला ऑफिसचं काम होतं. मी ते तेवढ्यावर सोडून दिलं आणि पुन्हा मांडव मोजत बसले.

फाटकाशी

आणि मग तो रविवार उजाडला. आम्ही सात जण. अश्विनीने सगळ्यांना सारखे टोपीचे स्वेटर करून आणले होते, वाईनच्या रंगाचे, छातीवर द्राक्षाचा घड आणि एकमेकांत गुंफलेले हात. इरा शेजारच्या मैत्रिणीकडे. मी स्वेटरावरून शाल घेतली, नारळ हातात. तीन गाड्या रस्त्याकडेला लावल्या आणि आम्ही ओळीने उतारावरून चालत निघालो.

बाग पाहिली आणि मी ओरडलेच, "अरे, ही तर मेलीय!" एकाही वेलीवर पान नाही. काळेकभिन्न, पिळवटलेले बुंधे आणि वर सुतळीसारख्या वाळक्या काड्या. मिलिंदने मला सावरलं. "काकू, हिवाळा आहे. झोपल्यात त्या." झोपल्यात! आमच्याकडे द्राक्षवेल वर्षभर डोळा मिटत नाही, आम्हीच मिटू देत नाही. मी पुढे होऊन एका काडीला नख लावलं. आत हिरवं! माझ्या अंगावर असा काटा आला म्हणून सांगू. हिवाळाभर झोपणारी वेल मी जन्मात पाहिली नव्हती.

तोन्का ओट्यावर उभी होती. उंच, हाडापेराने मजबूत, डोक्याला काळा रुमाल. मिलिंदला एकट्याला पाहिलं असतं तर कदाचित हसली असती. पण तिची नजर त्याच्यावरून सरकून आम्हा सगळ्यांवर फिरली, एकसारखे लालसर कपडे घातलेल्या सात जणांवर. ती फाटकापाशी आली, पण फाटक उघडलं नाही.

मी नारळ पुढे केला आणि घरी घोकलेलं बोलले. निखिल इंग्रजीत सांगत होता. "आम्ही सगळे मिळून बाग सांभाळू. हे कुणा एकाचं नसेल, सगळ्यांचं असेल. आम्हा सगळ्यांची संमती आहे."

तोन्काचा चेहरा पांढराफटक पडला.

"सगळ्यांची," ती म्हणाली.

"हो, सगळ्यांची," मी मराठीतच उत्साहाने मान हलवली.

"हे मी ऐकलेलं आहे," ती म्हणाली. "मिलिंद, तू सुद्धा? जा इथून. यंत्र येऊ दे. वेली गेल्या तरी चालतील."

ती आत गेली आणि दार बंद झालं. ओंकार म्हणाला, "व्हॉट जस्ट हॅपन्ड?" नारळ माझ्या हातातच राहिला. आम्ही गाड्यांकडे परत फिरलो. मिलिंदचे डोळे भरून आले होते. त्याच्या नजरेसमोर सारखा तिचा चेहरा येत होता. माझ्यासमोर मात्र ते यंत्र येत होतं, वेलींना मुळासकट उपटणारं. आणि सगळ्यांनी मिळून जायचा हट्ट माझा होता.

एकटी

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी निखिलला म्हटलं, "मला तिथे सोड. तू लांब थांब." तो कोपऱ्यावरच्या डेअरीत पाय खायला थांबला. पाय म्हणजे तिकडची मांसाची पोळीबंद भाजी म्हणा. फाटकाबाहेर मी एकटी उभी राहिले. दुसऱ्याच्या वेलीला न विचारता हात लावायचा नाही, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. मी नुसती कात्री वर धरली.

तोन्का ओळीत होती. डाव्या हाताने उजवा खांदा धरून काडी कापायची धडपड चालली होती. तिने पाहिलं.

"बाकीचे कुठे?"

"घरी."

"एकटी?"

"एकटी."

तिने फाटक उघडलं. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, तिचंही अजून गावाकडच्या वळणाचं, त्यामुळे आमचं फार छान जमलं. तिकडे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. ते काही माझ्या जिभेवर येईना, म्हणून मी तिला तोन्काताई म्हणायला लागले. आणि जमलं म्हणते आहे खरी, पण पहिल्याच वेलीवर आमचं भांडण लागलं! मी काडीवर जास्त डोळे ठेवून कापली. डोळे म्हणजे ज्यातून नवी फूट येते ते कोंब. तिने माझा हात धरला. "इतके? वेलीला मारतेस का?" मी म्हटलं, "इतके कमी? घड कुठून यायचे?" ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली, मी माझ्या भाषेत बोलले. दोघींनाही शब्द कळले नाहीत आणि अर्थ पुरेपूर कळला. शेवटी एक ओळ तिच्या पद्धतीने आणि एक माझ्या पद्धतीने, असा तह झाला. कडाक्याची थंडी, वर लख्ख ऊन, दूर समुद्राची एक पट्टी. मला तर नाचावंसं वाटत होतं!

दुपारी तिने स्वयंपाकघरात नेलं. छोट्या तांब्यात उकळलेली काळी कॉफी आणि तळलेले पिठाचे गोळे, वर साखर. मी तोंडात टाकला आणि म्हटलं, "अगं बाई, गुलगुले!" आत बेदाणे, किंचित दारूचा वास. मी विचारलं नाही, खात राहिले. मग तिनेच सांगायला सुरुवात केली.

महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. ती आठ-नऊ वर्षांची. देशात नवं साम्यवादी सरकार होतं. त्याने ठरवलं की गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपापली जमीन, जनावरं, अवजारं एकत्र करायची, मिळून कसायचं आणि ज्याचे जितके कामाचे दिवस भरतील तितकं त्याला मिळायचं. तिच्या वडिलांची टेकडीवर दगड वेचून वेचून केलेली द्राक्षं होती.

"ऐकायला वाईट होतं का?" तिने मला विचारलं.

"नाही," मी खरं ते सांगितलं.

"मलाही वाटलं नव्हतं. आम्ही शाळेत त्याची गाणी म्हणायचो."

एके दिवशी चार माणसं फाटकाशी आली. बाहेरची नव्हेत, गावातलीच. त्यांत तिचा धर्मपिताही होता, तिला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारा. पहिल्यांदा आले तेव्हा हसत आले. दुसऱ्यांदा समजवायला आले. तिसऱ्यांदा म्हणाले, बाहेर राहणाऱ्याला पिकातला सरकारी वाटा वाढवून द्यावा लागेल आणि कदाचित तुरुंगही बघावा लागेल. चौथ्यांदा काहीच बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. मग शाळेत सभा झाली. कोण कोण तयार? सगळे हात वर. तिच्या वडिलांचा होईना. आईने त्यांचं कोपर धरलं आणि वर केलं.

तोन्काने स्वतःचं कोपर दुसऱ्या हाताने उचलून दाखवलं. मी हातातला गुलगुला परत बशीत ठेवला.

"आमचं गाढव होतं, सिव्को," ती म्हणाली. "ते सामुदायिक गोठ्यात नेलं. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते रोज संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन उभं राहायचं आणि बाबा त्याला रोज परत सोडून यायचे."

छाटणी टोळीने व्हायची. जितक्या जास्त ओळी, तितके कामाचे दिवस जास्त भरायचे. मग डोळे कोण बघत बसतो? वडील पहाटे उठून आपल्या जुन्या ओळींत जायचे आणि चुकलेल्या काड्या नीट करायचे. एकदा टोळीप्रमुखाने पकडलं. सगळ्यांसमोर विचारलं, तुला या ओळीत काम करायची परवानगी कुणी दिली? स्वतःच्या हाताने लावलेल्या वेली! पुढे तीन-चार वर्षांत सरकारनेच माघार घेतली. ज्याला बाहेर पडायचं त्याने आपली जमीन घ्यावी म्हणाले. जमीन परत मिळाली. सिव्को तोवर मेला होता. आणि धर्मपित्याशी वडील शेवटपर्यंत बोलले नाहीत.

"तोही बिचारा कुणाच्या तरी सांगण्यावरून आला असेल," तोन्का म्हणाली. "पण जमीन परत देता येते. चार माणसं फाटकाशी आलेली परत कशी करणार? मी सतराव्या वर्षी मामाकडे इथे निघून आले."

मी कासावीस झाले. म्हटलं, "तोन्काताई, आमचं एकत्र येणं तसलं नाही हो. आमच्या सोसायटीत कुणी ढकलून आणत नाही." आणि मी तिला आमच्या वार्षिक सभेची गंमत सांगायला गेले. सचिव ठराव वाचतात आणि वाक्य पुरं व्हायच्या आत सगळा मांडव ओरडतो, "मंजूर, मंजूर, मंजूर!" मी हात उंचावून ओरडून दाखवलं. मला वाटलं, ती हसेल.

ती हसली नाही. "सगळेच ओरडतात?"

"छे! नामंजूर म्हणणारेही असतात. मग वादावादी होते. दोन वर्षांपूर्वी तर खुर्च्या उडाल्या. आमचे दीरच उडवत होते."

"खुर्च्या उडतात?" तिचे डोळे चमकले. "खरंच उडतात?"

"प्लॅस्टिकच्या."

"आमच्याकडे एकही उडाली नाही," ती म्हणाली. तिने कपातला कॉफीचा गाळ फिरवला. मग म्हणाली, "त्यांना पाठव. पण एकेकाला. एकत्र नाही. आणि ते स्वेटर नकोत."

एकेक जण

पुढच्या रविवारी पाऊस रिमझिम होता. फाटकाबाहेर गाड्यांमध्ये पोरं परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. मी आत तोन्काच्या टेबलाशी, कॉफीच्या तांब्यावर लक्ष ठेवायला. एकेक जण यायचा, बसायचा आणि ती एकच प्रश्न विचारायची, "तुला स्वतःला ही बाग हवी आहे का?"

मिलिंद म्हणाला, हो. आणि त्या दिवसाबद्दल माफी मागून रडला. तिने त्याच्या पाठीत एक रट्टा घातला, चांगल्या खांद्याच्या हाताने. संघमित्रा म्हणाली, हो, पण माझ्या हॉस्पिटलच्या ड्युटीचे रविवार सोडून. ओंकार म्हणाला, "हो, हीप्स!" म्हणजे भरपूर. अश्विनी म्हणाली, हो. निखिल म्हणाला, हो, पण बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी मनातल्या मनात लाडू वाटत होते. पण तोन्काचा चेहरा मात्र प्रत्येक होकाराला अधिकच उतरत चालला होता. हात वर, हात वर, हात वर, असंच तिला दिसत असणार.

शेवटी मुग्धा आली. माझ्याकडे न बघता बसली.

"तुला स्वतःला ही बाग हवी आहे का?"

मुग्धाने कोटाच्या गुंड्यांशी चाळा केला. मग म्हणाली, "नो. सॉरी. नको आहे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मला मातीत काम करायला आवडत नाही," ती इंग्रजीत बोलत होती, हळू, माझ्यासाठी प्रत्येक शब्द सुटा करून. "लहानपणापासून नाही आवडत. निखिलने फोनवर सांगितलं तेव्हा आई इतकी खूश झाली की मला नाही म्हणता येईना. त्या मीटिंगमध्ये मी हात वर केला, पण मला नको होतं. निखिलला करायचं असेल तर त्याने करावं. मी येणार नाही."

रागाने माझे कान तापले. लेकीने परक्या बाईसमोर मला उघडं पाडलं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी काही बोलायच्या आत तोन्काने टेबलावर असा हात आपटला की कपबशा उडाल्या. आणि ती हसत होती! पहिल्यांदाच, तोंडभर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"शेवटी!" ती म्हणाली. "अगं पोरी, तू नसतीस तर मी यांना हाकलून देणार होते. जिथे एक जण नाही म्हणू शकतो आणि तरी बाकीच्यांच्या पंगतीत जेवू शकतो, तिथे मी माझ्या वेली देईन."

तिने तिथेच फोन उचलला, यंत्रवाल्याला सांगितलं, येऊ नकोस. मग ओट्यावर जाऊन फाटकाकडे बघत दोन्ही हात हलवले, दुखऱ्या खांद्याची पर्वा न करता. गाड्यांची दारं धडाधड उघडली. पावसात त्या पोरांनी काय आरडाओरडा केला! ओंकार तर चिखलात घसरून पडला आणि पडल्या पडल्याच ओरडत राहिला! ती सगळी वेलींच्या ओळीत शिरली आणि तोन्का रुमाल सावरत त्यांच्या मागे गेली.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच राहिलो.

"आई, रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. बाहेर वेली वाचल्या होत्या, मला धावत जावंसं वाटत होतं आणि जागचं उठवतही नव्हतं. मुग्धाचे हात टेबलावर होते, माझ्यासारखेच रुंद पंजे. या हातांनी काय करावं हे मीच ठरवत आले, तिला कधी विचारलंच नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं आणि फार लाज वाटली.

"मग तुला काय करायचंय गं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मी खरंच विचारते आहे का हे बघायला. मग कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, सांगायला बसली आणि मी तिला कॉफी ओतली.